सापडलं ते काजळ

"आधी अंगावरचं काढा! तिथंच! एक पाऊल पुढं टाकू नका!"

दार ढकलून आत आलेला तरुण जागच्या जागी थिजला. एका हातात थंड पेटी, दुसऱ्या हातात दाराची मूठ, आणि डोक्यापासून घोट्यापर्यंत चकचकीत निळा रेनकोट… त्याच्या कडाकडांवरून पाणी ठिबकत होतं. काचेपलीकडून ओरडणारी मुलगी पांढऱ्या सुती डगल्यात होती, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि चष्म्यामागे राग.

"पहिल्याच भेटीत?" तो म्हणाला.

ती कानापर्यंत लाल झाली. "रेनकोट! रेनकोट काढा म्हणतेय मी. बाहेर जिन्यात ठेवून या."

"बाहेर पाऊस पाहिलात का कसला आहे?"

पाऊस होताच तसा. रस्त्यावरची कुत्री गाड्यांखाली बसायची सोडून गाड्यांच्या टपावर बसली होती, आणि पोस्टमन म्हणे पत्रं होडीतून वल्हवत वाटत होता. लोक एकच वल्हं होतं म्हणतात. मी दोन पाहिली.

"पाहिलाय," ती म्हणाली. "पण तुमच्या या रेनकोटाला पाणी का चिकटत नाही, ठाऊक आहे?"

"चांगल्या दुकानातला आहे म्हणून."

"त्याच्यावर जे फासलंय ना, तेच आम्ही इथं अन्नात शोधतो. तुम्ही असे आत आलात तर यंत्राला वाटेल, पेटीतल्या माशानंच रेनकोट घातला होता."

तो हसला. वाद न घालता जिन्यात गेला, रेनकोट कठड्याला अडकवला आणि परत आला. जिना उघडा होता, वरची पन्हळ फुटकी होती. तेवढ्या दोन ढांगांत त्याचा सदरा अंगाला चिकटला. केसांतून पाणी निथळत असताना त्यानं पेटी खिडकीतून पुढं सरकवली.

"आता चालेल? का कातडंही काढून ठेवू?"

"कातडं राहू दे," ती म्हणाली, आणि हसू लपवायला पेटीवरचं सील तपासू लागली… ते सील तिनं दोनदा तपासलं.

आता ही मुलगी एवढी कडक का, ते सांगायला हवं. ती ज्या प्रयोगशाळेत होती तिथं अन्नातली चिवट रसायनं मोजत. न चिकटणारा तवा, न भिजणारा कपडा, आग विझवायचा फेस, या सगळ्यांत ती असतात. एकदा बनली की मोडत नाहीत. ऊन नाही, पाऊस नाही, पोटातला जाळ नाही, कशाला म्हणून दाद देत नाहीत. मातीतून किड्यात, किड्यातून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात आणि अंड्यातून आपल्या रक्तात येऊन बिऱ्हाड थाटतात. अन्नात ती किती चालतील, याची कायद्यानं मर्यादा आखून दिलेली. यंत्र असं तिखट नाकाचं की तळ्यात कुणी साखरेचा दाणा टाकला तर कुठल्या काठावरून टाकला तेही सांगेल. बरं, एवढं नाही सांगणार, पण जवळपास सांगेल.

म्हणून दर खेपेला खऱ्या नमुन्यांसोबत एक खोटा नमुना चालवायचा. त्यात अन्न नाहीच, नुसती शुद्ध द्रावणं. बाकी सगळे सोपस्कार तेच. त्याला म्हणायचं 'कोरा'. नमुन्यात रसायन असेल तर आलेखावर टेकाड उठतं. कोऱ्याची रेघ मात्र सपाट हवी. ती सपाट आली की समजायचं, आपल्या हातची, आपल्या कपड्यांची घाण यात मिसळलेली नाही. हा कोरा सांभाळायचं काम तिचं. तिच्या हातचा कोरा कधी मळला नव्हता, म्हणून सगळे तिला 'कोरी'च म्हणत. अत्तर नाही, क्रीम नाही, नवा कपडा नाही. लग्नाला गेली तरी तोंड धुऊन जायची, तेवढाच काय तो साज.

आणि तो? तो बाजारातून, गोठ्यांतून, कोंबड्यांच्या खुराड्यांतून नमुने गोळा करून आणणारा. अशा माणसाला प्रयोगशाळेत दुसरं काय नाव पडणार? 'नमुना'. स्वभावानं ते नाव त्यानं दोन दिवसांत सार्थही करून दाखवलं.

त्या दिवसानंतर तो रेनकोट आणेनासा झाला. छत्रीही नाही. धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा घालून चिंब भिजत यायचा आणि खिडकीशी उभा राहायचा.

"आज काय आणलंत?"

"मी धरून चार नमुने."

"तीन घेते. चौथा परत न्या, सील फुटलंय."

"कुणी फोडलं, विचारा ना."

"निथळून झालं असेल तर निघा. लादीवर तळं झालंय तुमचं."

पण पुढच्या खेपेपासून खिडकीशी एक कोरडा पंचा दिसू लागला. कुणी ठेवला कुणाला माहीत नाही. प्रयोगशाळेतले सगळे मात्र त्या पंच्याकडे बघून खाकरायचे. मग कधीतरी, दुधाच्या बाटल्या मोजता मोजता, "तुम्ही"चं "तू" झालं. कुणी आधी म्हटलं यावर दोघं पुढं बरेच दिवस भांडत होती.

एक गोष्ट तो अधूनमधून विचारायचा. "त्या मैदानाजवळच्या अंड्यांचं कधी करणार गं?"

विचारायचा असं, की जणू बसची वेळ विचारतोय. पण ती बस त्याच्या घरावरून जाणार होती. शहराच्या कडेला आगीच्या बंबवाल्यांचं सरावाचं मैदान होतं. वर्षानुवर्षं तिथं आग लावायची आणि फेस मारून विझवायची. आजूबाजूच्या घरांतून कोंबड्या पाळलेल्या, आणि त्यातलं एक घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. ताईला लग्नानंतर फार वर्षांनी दिवस गेले होते. त्यानं तिला बजावून ठेवलं होतं, निकाल येईपर्यंत घरच्या अंड्याला शिवायचं नाही. ताईच्या अंगणातली अंडी त्याच्या कामावरच्या जोडीदारानं उचलली, नंबर टाकला, सील केलं. मोजणाऱ्या माणसाला नमुना कुणाचा हे कळता कामा नये, असा नियम. तो त्यानं पाळला. कोरीला तो काही बोलला नाही. आणि कोरी आपली म्हणायची, "सही झाल्याशिवाय निकाल बाहेर जात नाही. नुसत्या भिजण्यानं तर नाहीच नाही."

एके दिवशी पेटी देऊन झाली तरी तो हलेना.

"उद्या काम संपल्यावर… चहा प्यायचा? काचेशिवाय?"

"काचेशिवाय? मग कशातून?"

"कपातूनच. पण मधे काच नको."

तिनं नुसता पंचा घडी करून ठेवला… उलटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं तिला दारातच धरलं. कोरी आत्याकडे राहायची, आणि आत्याला न सांगितलेल्या गोष्टी आधी कळायच्या. "आज तरी डोळ्यांत काही घालशील का? हे काजळ बघ, नवीन आहे. पाण्यानं पसरत नाही, रडलीस तरी हलत नाही."

"आत्या, कामावर नाही चालत गं."

"चष्म्याआड कोण बघतंय? एक रेघ. माझ्यासाठी."

आत्यासाठी म्हणून तिनं रेघ ओढू दिली. खरं कुणासाठी, हे आरशालाही समजलं.

दुपारी डोळा चुरचुरला. चष्म्याखालून तिनं हातमोज्याच्या पाठीनं हलकेच पुसला, नेहमीच्या सवयीनं बाटल्या लावल्या. आणि संध्याकाळी यंत्रानं आलेख काढला तेव्हा कोऱ्याच्या सपाट रेघेवर एक टेकाड उठलेलं होतं.

सगळी प्रयोगशाळा तिच्याभोवती गोळा झाली. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, चष्मा कपाळावर सरकवून आलेख बघत राहिल्या.

"हातमोजे नवीन काढलेस?"

"नाही बाई."

"हाताला काही लावलंस?"

"नाही बाई."

"मग माझ्याकडे बघ. बघ म्हणते ना… अगंबाई! डोळे!"

मोठ्या बाई कधी हसत नसत. त्या दिवशी त्या अशा हसल्या की स्टूल ओढून बसल्या, तराजूच्या खोलीतल्यांनी टाळ्या पिटल्या, आणि शेजारच्या इमारतीतल्या विमा कंपनीचे लोक भूकंप झाला म्हणून खाली उतरले. "इतकी वर्षं हे यंत्र विष हुडकतंय," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "प्रेम सापडलं ते आज पहिल्यांदा." मग गंभीर झाल्या. "अख्खी खेप बाद. यंत्र धुवायला लागेल, द्रावणं नवी मागवायची, काही आठवडे जातील. आणि कोरा मळला की बाकीचे आकडे बघायचेसुद्धा नाहीत. कळलं?"

"हो बाई."

पण तिनं बघितले होते. बाई येण्याआधीच बघितले होते. कोऱ्याचं टेकाड म्हणजे वारूळ होतं, आणि मैदानाजवळच्या एका अंड्याच्या नमुन्यात डोंगर उभा होता. काजळाची अख्खी डबी ओतली असती तरी तो तसा उठला नसता. बाद म्हणजे बाद, तिनं मनाला सांगितलं. मन त्या दिवशी काही ऐकायला जागेवरच नव्हतं.

चहाच्या दुकानात तो आधीच येऊन बसला होता. बाहेर पावसाची नुसती भुरभुर. ती समोर बसली आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिला. बिनचष्म्याचे डोळे त्यानं पहिल्यांदाच पाहिले होते, आणि ते आज रेखलेले होते.

"आज काहीतरी वेगळं…"

"काही नाही."

"झाली का गं ती अंडी? सापडलं काही?"

तिनं मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू आवरेना.

"सापडलं ना… सापडलं ते माझं काजळ."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! आज पहिल्यांदा माझा कोरा मळला. तुझ्यासाठी ओढलेली रेघ थेट यंत्रात उतरली. सगळे हसले मला. खेप बाद झाली."

"बाद?" तो पुढं झुकला. "म्हणजे ते… काजळच होतं?"

"हो ना!"

ती सांगत होती डोळ्यांचं. तो विचारत होता कोंबड्यांचं. नमुने आणणाऱ्या माणसाला बाद म्हणजे काय हे माहीत नसतं असं नाही. पण आरोपीला सुटलास म्हटलं की तो कुठं कलम विचारत बसतो? तो हसला. असा हसला, की पलीकडच्या टेबलावर भांडायला बसलेले दोघे भांडण विसरून हसू लागले, आणि चहावाल्यानं न मागता दुसरा कप ठेवला. तिला वाटलं, हे सगळं हसू आपलंच.

एकच क्षण, अगदी एकच, तिच्या डोळ्यांपुढं तो डोंगर आला. तिनं तोंड उघडलं.

"काय?" तो म्हणाला, हसतच.

"काही नाही," ती म्हणाली. "साखर कमी आहे."

पुढचे आठवडे असे गेले की सांगायला काही उरलं नाही. सुखाचं तसंच असतं, त्यात गोष्ट नसते. आत्यानं लग्नाची बोलणी मनातल्या मनात पुरीही करून टाकली. आणि एका रविवारी तो तिला ताईकडे घेऊन गेला.

ताई दारातच उभी होती, कमरेवर हात, पोट पुढं. "ये गं ये! तूच ना ती, जिच्यामुळं आमचा बंड्या पावसाळाभर दोरीवरून उतरवलेल्या धुण्यासारखा फिरला?"

"ताई!" बंड्या ओरडला.

"गप रे. हिला आधी खाऊ घालू, मग तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगू. एकेक ऐकून पळून गेली तर मी जबाबदार नाही."

ताईनं बशा मांडल्या. दोघींना एकेक अंडं, तव्यावर नुसतं फोडून टाकलेलं. बलक गडद, केशरी, मावळतीच्या सूर्यासारखा. कोरीनं सहज खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. त्यांच्यापलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे मोकळ्या मैदानात एक जळका लोखंडी सांगाडा.

"ताई… ते काय आहे?"

"ते होय? बंबवाल्यांचं. तो सांगाडा पेटवायचे आणि फेस मारायचे. वारा इकडचा असला की आमच्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र होऊन घरी यायच्या, ओळखू यायच्या नाहीत!" ताई खळखळून हसली. "या शहाण्यानं मला घाबरवून सोडलं होतं. अंडं खाऊ नको म्हणे. मला तर डोहाळे अंड्याचेच! मग एक दिवस उड्या मारत आला, ताई, खा, सापडलं ते काजळ होतं! तुझे उपकार हो बाई. तेव्हापासून रोज खातेय."

आणि तिनं घास उचलला.

कोरीनं हात पुढं करून तिची बशी धरली. "खाऊ नका."

"अगं, काय झालं?"

"कोरी?" तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना…"

"मी बाद म्हणाले." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "साफ आहे असं नव्हते म्हणाले."

बाहेर एक कोंबडी उगाच कलकलली. ताईनं घास बशीत परत ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

"म्हणजे अजून कळायचंय?"

"हो," कोरी म्हणाली. आणि पुढचं तिला तेव्हाही बोलवलं नाही.

दुसरी खेप तिनंच चालवली. चेहरा घासून धुतला होता. डोळे त्यामुळं लाल होते असं ती म्हणायची. कोरा आला सपाट, आरशासारखा. आणि त्याच्या शेजारी तोच डोंगर, त्याच जागी, तेवढाच. मर्यादा त्याच्या पायथ्याशी कुठंतरी राहिली होती. मोठ्या बाईंनी सही केली. मैदानाजवळची अंडी बंद झाली, तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली आणि ताईच्या अंगणातल्या कोंबड्या एकेक धरून घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काही होईलच असं नाही. होणारच नाही असंही नाही. रक्तात गेलेलं लवकर निघत नाही, आणि बाळापर्यंत पोचतं.

"तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं ती तीच अंडी खात आलीय. त्यापुढं हे काही आठवडे म्हणजे चिमूटभर."

ते वाक्य कोरीनं औषधाच्या पुडीसारखं जपून ताईकडे नेलं. ताईनं ऐकून घेतलं, तिला बसायला दिलं, पाणी दिलं.

"चिमूट असेल गं," ताई म्हणाली. "पण आधीचं सगळं मला माहीत नसताना गेलं. ही चिमूट मी विचारून-सवरून, हसत हसत खाल्ली."

त्या दिवसापासून पेटी घेऊन त्याचा जोडीदार येऊ लागला. त्याच्याकडे छत्री होती, ती तो खालीच ठेवायचा. तो चांगला मुलगा होता. लादीवर एक थेंब पडू द्यायचा नाही.

पाऊस सरला. रस्ते वाळले, आभाळ स्वच्छ झालं, आणि एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली ती तिनं न बघता ओळखली. तो दारात उभा. कोरडा. कोरडा तो तिला अनोळखीच वाटला.

"मुलगी झाली ताईला."

"बरी आहे?"

"बरी आहे म्हणतात. दर वर्षी रक्त तपासायचं म्हणतात. रडते अशी, की शेजारी घर बदलायच्या गोष्टी करताहेत."

"आणि ताई?"

"ताईनंच पाठवलंय. जा, घेऊन ये तिला म्हणाली. रुसणारं माणूस घरात एक पुरे, आणि ते आता पाळण्यात आहे म्हणाली." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "मीही… फार शिव्या दिल्या गं स्वतःला. ऐकलं मीच चुकीचं. ताईला सांगितलं मीच. तुला कुठं माहीत होतं ती अंडी कुणाची? आणि कोरा मळला की बाकीचे आकडे तुम्ही बघतच नाही. मोठ्या बाईंनी सांगितलं मला." तो थांबला. "बघत नाही ना?"

आता इथं 'नाही' म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. मी त्याहून मोठ्या थापा सकाळच्या चहाआधी मारतो, आणि रात्री मला झोपही छान लागते. तो तर ते 'नाही' हातात घेऊनच आला होता. तिनं नुसतं परत द्यायचं होतं. पुढं घर होतं, पाळणा होता, आयुष्यभर भांडायला 'तू' आधी कोण म्हणालं हा विषय होता.

"बघायचे नसतात," ती म्हणाली. "मी बघितले होते."

त्यानं दाराची मूठ धरली.

"त्या एका अंड्याचा आकडा फार मोठा होता. काजळानं तेवढा होत नाही. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच म्हणजे… चहा पिताना?"

"त्याच्याही आधी."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं चष्मा काढून हातात धरला.

"तू हसत होतास," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुणी तसं हसलं नव्हतं कधी. म्हटलं, आजचं हसून होऊ दे… उद्या सांगू. उद्या तू पुन्हा हसत आलास."

खोलीत यंत्राची घरघर चालू होती. आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती हलली नाही.

"ताईला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"हेच सांग."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. तो वळला, आणि जिन्यावर पावलं वाजू लागली… एक मजला, दुसरा. खालच्या वळणावर पावलं थांबली. कोरी धावत कठड्यापर्यंत गेली, वाकून उभी राहिली. खालचं काही दिसत नव्हतं.

बुटाची नाडी सुटली असेल त्याची. कारण थोड्याच वेळात पावलं पुन्हा सुरू झाली, आणि मग खालचं दार लागल्याचा आवाज आला.